एका तासाच्या टेपला एक तास

५ ऑक्टोबर १९९९ रोजी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी 'आयमॅक डीव्ही' नावाचा कॉम्प्युटर लोकांसमोर आणला. सोबत 'आयमूव्ही' हा एडिटिंगचा प्रोग्राम होता. वचन सोपं होतं. कॅमकॉर्डर एका वायरने कॉम्प्युटरला जोडा, शूटिंग आत घ्या, नको ते कापा, गाणं लावा, झाला घरचा सिनेमा. १,२९९ डॉलरच्या त्या मशीनची हार्ड डिस्क १० जीबीची होती. आता दुसरा आकडा पाहा. त्या काळच्या एका मिनीडीव्ही कॅसेटमध्ये एक तासाचं शूटिंग मावायचं आणि ते कॉम्प्युटरवर उतरवायला साधारण १३ जीबी जागा लागायची. म्हणजे घरचा सिनेमा बनवण्यासाठीच काढलेल्या मशीनमध्ये एक अख्खी कॅसेट मावत नव्हती.

यात फसवणूक नव्हती. तो काळच तसा अर्धा इकडे, अर्धा तिकडे होता. कॅमेरा डिजिटल झाला होता, पण चित्रं अजून टेपवर होती. कॉम्प्युटर एडिटिंग करू शकत होता, पण टेपवरचं त्याच्यापर्यंत पोचवावं लागत होतं. हे पोचवणं, म्हणजे 'कॅप्चर करणं' किंवा साध्या भाषेत 'टेप उतरवणं', साधारण १९९५ ते २००८ या काळात जगभरच्या घरांमध्ये चाललेलं काम होतं. मग फोन आले आणि ते काम इतक्या पटकन विसरलं गेलं की आता 'फुटेज ट्रान्सफर' म्हटलं की फार तर व्हॉट्सअॅपवर पाठवणं डोळ्यांसमोर येतं.

ही गोष्ट सांगायचं कारण निव्वळ जुन्या आठवणी नाही. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचा जन्म नेमका त्याच तेरा-चौदा वर्षांतला आहे. तुमचं बारसं, पहिला वाढदिवस, बालवाडीचं गॅदरिंग, तेव्हा हयात असलेले आजोबा, हे सगळं कदाचित अशाच एखाद्या टेपवर आहे. आणि ती टेप वाचण्याचा रस्ता दरवर्षी थोडा थोडा बंद होतो आहे.

दोन व्हीसीआर आणि एक अंगठा

कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच डब्यात आणणारा घरगुती वापराचा पहिला कॅमकॉर्डर सोनीने १९८३मध्ये विकायला काढला. त्याचं नाव बीटामूव्ही. खांद्यावर घ्यायचं धूड, आणि त्यावर काढलेलं त्याच्यावरच परत बघता येत नसे. त्यासाठी घरी वेगळा बीटामॅक्स व्हीसीआर लागायचा. पुढच्या सहा वर्षांत कॅमेरे भराभर लहान झाले. १९८९चा सोनीचा टीआर-५५ तर पासपोर्टच्या आकाराचा म्हणून गाजला. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, कॅमकॉर्डरला सगळे 'हँडीकॅम'च म्हणू लागले.

शूटिंग सोपं झालं, एडिटिंग मात्र नाही. एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी. हवा तो भाग आला की दुसऱ्याचं रेकॉर्ड दाबायचं, नको तो आला की पॉज. बटण दाबल्यावर यंत्राला टेप फिरवायला क्षणभर लागायचा, म्हणून काप नेमका हवा तिथे पडेलच असं नाही. सगळं क्रमानेच करायचं. पस्तिसाव्या मिनिटाला लक्षात आलं की दहाव्या मिनिटाला मावशीचं औक्षण राहिलं, तर दहाव्या मिनिटापासून पुन्हा सगळं. शिवाय अॅनालॉग टेपची प्रत काढली की चित्र फिकं पडतं. प्रतीची प्रत काढली की आणखी. लग्नाच्या कॅसेटची तिसरी प्रत ज्या नातेवाइकाच्या वाट्याला यायची, त्याला नवरीच्या शालूचा रंग अंदाजानेच ओळखावा लागायचा.

हे काम पैसे घेऊन करणाऱ्यांना आपल्याकडे 'मिक्सिंगवाले' म्हणत. लग्नाचं शूटिंग करणारा वेगळा, मिक्सिंग करणारा बऱ्याचदा वेगळा. बदामाच्या आकारात नवरा-नवरी, गुलाबाच्या पाकळीतून उघडणारा मंडप, हे सारं मिक्सर नावाच्या यंत्रावर व्हायचं.

महाराष्ट्रात या दोन व्हीसीआरच्या विद्येचा सगळ्यात प्रसिद्ध विद्यार्थी मालेगावचा. नासिर शेख यांचं तिथे व्हिडिओ पार्लर होतं. व्हीसीआर जोडून कापाकापी करत ते एडिटिंग शिकले आणि त्यांनी गावातले लोक घेऊन 'मालेगाव के शोले' बनवला. पुढे फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात (२००८) त्यांचा पुढचा सिनेमा बनताना दाखवला. त्यात हिरवा पडदा आहे, त्यापुढे सुपरमॅनला उडवण्याचा खटाटोप आहे आणि मागचं चित्र बदलायला कॉम्प्युटर आहे. एकाच माणसाच्या कामात व्हीसीआरपासून कॉम्प्युटरपर्यंतचा हा सगळा प्रवास सामावला आहे.

टपाल तिकिटाएवढा सिनेमा

कॉम्प्युटरवर एडिटिंगची कल्पना तशी जुनीच. १९८९मध्ये 'अॅव्हिड' आलं, पण ते स्टुडिओंच्या खिशाला परवडणारं होतं. डिसेंबर १९९१मध्ये अॅपलचं क्विकटाइम आलं, त्याच महिन्यात अॅडोबी प्रीमियरची पहिली आवृत्तीही आली. घरच्या मशीनवर व्हिडिओ दिसू लागला, पण केवढा? १६० बाय १२० ठिपक्यांचा. टपाल तिकिटाएवढा, असं लोक चेष्टेने म्हणत.

अडचण कुठे होती ते हिशोबाने कळतं. भारतात चालणाऱ्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं. एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका चित्राला सव्वाआठ लाख बाइट. सेकंदाला सुमारे २० एमबी, तासाला ७५ जीबीच्या आसपास. घरच्या डिस्क तेव्हा काहीशे एमबीच्या होत्या. मग व्हिडिओ दाबून लहान करणारी कार्डं आली. व्हीसीआरची पिवळी वायर त्यात खुपसायची आणि कार्ड चित्राचे आकडे बनवायचं. आवाज मात्र अनेकदा साउंडकार्डमधून वेगळा यायचा. दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालायची. पाच मिनिटांत फरक कळायचा नाही, चाळीस मिनिटांनी ओठ हलल्यावर थोड्या वेळाने शब्द यायचा.

ती एक वायर

१९९५मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. एक, डीव्ही नावाची पद्धत, जी अनेक जपानी आणि युरोपीय कंपन्यांनी मिळून ठरवली होती. यात कॅमेराच चित्राचे आकडे बनवून, ते साधारण पाचपट दाबून, काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅसेटवर लिहीत असे. दुसरी गोष्ट, फायरवायर. अॅपलने १९८६मध्ये सुरू केलेलं हे काम १९९५च्या अखेरीस 'आयईईई १३९४' या नावाने अधिकृत प्रमाण झालं. सोनीने त्यालाच 'आय-लिंक' म्हटलं आणि आपल्या व्हीएक्स-१००० कॅमेऱ्यात बसवलं.

या जोडीने 'उतरवणं' या शब्दाचा अर्थच बदलला. आधी कॉम्प्युटर टेपवरच्या लहरींकडे बघून अंदाजाने आकडे लिहीत होता. आता आकडे टेपवर आधीच होते, ते जसेच्या तसे आणायचे होते. म्हणजे प्रत आणि मूळ यांत फरकच उरला नाही. तिसऱ्या प्रतीतला शालू पहिल्या प्रतीइतकाच लाल.

शिवाय त्याच वायरीतून कॉम्प्युटर कॅमेऱ्याला हुकूम द्यायचा: मागे जा, थांब, चाल. प्रत्येक चित्रासोबत टेपवर तारीख आणि वेळ लिहिलेली असायची. ती वाचून प्रोग्राम आपोआप तुकडे पाडायचा. सकाळची पूजा एक, दुपारची पंगत दुसरा. हँडीकॅमचं घड्याळ लावलेलं असेल, तर नातवाने पहिलं पाऊल कुठल्या दिवशी किती वाजता टाकलं हे त्या टेपवर सेकंदासकट नोंदलेलं आहे.

मग एका तासाला एक तास का? कारण टेप ही पट्टी आहे. तिच्यावरचं डोक्यासमोरून सरकलं तरच वाचता येतं, आणि कॅमेरा ती एकाच वेगाने सरकवतो. व्हिडिओ सेकंदाला साधारण ३.६ एमबी या गतीने येत राहतो. तेव्हाच्या साध्या यूएसबीला हे झेपणारं नव्हतं. तिची कमाल सेकंदाला १२ मेगाबिट, तर नुसत्या डीव्ही चित्राला २५ हवेत. फायरवायरची ४०० होती, आणि सेकंदाचे ८,००० हप्ते पाडून प्रत्येक हप्त्यात व्हिडिओसाठी जागा राखून ठेवायची तिची रीत होती. पण हप्ता चुकला तर चुकला. पुन्हा मागायची सोय नाही. डिस्क क्षणभर दुसरीकडे गुंतली की चित्रं गळायची, त्याला 'ड्रॉप्ड फ्रेम' म्हणत. म्हणून टेप उतरवायच्या आधी अँटीव्हायरस बंद, स्क्रीनसेव्हर बंद, इंटरनेट बंद, डिस्क रात्रभर डीफ्रॅगला लावलेली, आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद: तासभर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

तरीही भिंती होत्या. जुन्या पद्धतीची एव्हीआय फाइल २ जीबीच्या पुढे वाढत नसे, म्हणजे नऊ-साडेनऊ मिनिटं. विंडोज ९८च्या डिस्कवर एका फाइलची मर्यादा ४ जीबी, म्हणजे एकोणीस-वीस मिनिटं. मंगलाष्टकांच्या मधोमध फाइल संपायची आणि तांदूळ पुढच्या फाइलमध्ये पडायचे.

बंदराचं राजकारण

एवढी चांगली वायर, मग ती प्रत्येक कॉम्प्युटरवर का आली नाही? १९९९च्या सुरुवातीला अॅपलने प्रत्येक पोर्टमागे एक डॉलर मागायचं ठरवलं. उद्योगात आरडाओरडा झाला आणि रक्कम उतरून एका उपकरणामागे पाव डॉलरवर आली, पण तोवर मन कलुषित झालं होतं. इंटेलने यूएसबीची पुढची आवृत्ती जोरात पुढे नेली. २०००मध्ये आलेल्या यूएसबी २ची कागदावरची गती ४८० मेगाबिट होती आणि ती जवळजवळ प्रत्येक मशीनवर बसली.

युरोपात आणखी गंमत. कॅमेऱ्याला वायरीतून व्हिडिओ आत घ्यायची सोय असेल, तर जकातीच्या नियमांत तो कॅमेरा न राहता व्हिडिओ रेकॉर्डर ठरायचा आणि जास्त कर लागायचा. मग कंपन्यांनी युरोपात विकायच्या अनेक कॅमेऱ्यांतली ती सोय बंदच करून टाकली. एडिट केलेला सिनेमा परत टेपवर घालता येईना. लोकांनी कुलूप उघडणारी छोटी यंत्रं आणि प्रोग्राम शोधून काढले.

आपल्या बाजूला वेगळीच डोकेदुखी होती. अमेरिकेत एनटीएससी, भारतात पाल. न्यू जर्सीतल्या काकांनी पाठवलेली बारशाची व्हीएचएस कॅसेट पुण्यातल्या साध्या पाल व्हीसीआरवर धड लागायची नाही. तेच शूटिंग एकदा कॉम्प्युटरवर उतरलं की फाइल झालं, आणि फाइलला दोन्ही देश सारखेच. परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

बसून बघावं लागायचं

विंडोजवाल्यांनाही २०००मध्ये विंडोज मीसोबत 'मूव्ही मेकर' मिळाला. साधनं हाताशी आली, आणि ती काय करू शकतात ते २००४च्या सनडान्स महोत्सवात दिसलं. जोनाथन काऊएट याने स्वतःच्या बालपणापासूनच्या घरगुती फिती, कॅसेटा आणि आन्सरिंग मशीनवरचे निरोप आयमूव्हीवर जोडून 'टार्नेशन' बनवला. आजारी आई आणि तिचा मुलगा यांची ती गोष्ट. एडिट करून तयार व्हायला खर्च सांगितला गेला २१८ डॉलर.

असे सिनेमे थोड्यांनीच केले. बाकीच्या घरांत जे घडलं ते साधं होतं, पण मला ते तितकंच महत्त्वाचं वाटतं. टेप उतरवायची तर तासभर ती समोर चालायची. चालू आहे तर बघितली जायची. आणि १० किंवा २० जीबीच्या डिस्कवर सगळं मावत नाही, म्हणून ठरवावं लागायचं: काय ठेवायचं, काय जाऊ द्यायचं. एडिटिंगचा प्रोग्राम उघडण्याच्या आधीच पहिलं एडिटिंग झालेलं असायचं. तांत्रिक अडचणीमुळे लोक आपलंच आयुष्य एकदा नीट बसून बघत होते.

तोट्याची बाजूही सांगायला हवी. उतरवलेलं इतकं मोठं असायचं की ठेवायचं कुठे हा प्रश्न होता. आपल्याकडे उत्तर होतं व्हीसीडी. तिचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. १३ जीबीचा तास दाबून सुमारे ६०० एमबीत बसवलेला. मूव्ही मेकरही त्याच्या नेहमीच्या सेटिंगवर दाबलेली, हलकी फाइलच बनवायचा. सीडी हातात आली, सगळ्यांनी बघितली, आणि कॅसेट पुसून पुन्हा वापरली किंवा माळ्यावर टाकली. आज ज्या घरांत फक्त ती सीडी आहे, त्यांच्याकडे मूळच्या विसाव्या हिश्श्याएवढी माहिती उरली आहे. ज्यांच्या माळ्यावर कॅसेट आहे, त्यांच्याकडे सगळी आहे, फक्त ती वाचता आली पाहिजे.

वायर निघून गेली

शेवट भराभर झाला. २००५मध्ये यूट्यूब आलं. २००६मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी जाहीर केलं, मग कॅमेरे थेट कार्डावर आणि डिस्कवर फाइली लिहू लागले. उतरवायला आता टेपच नव्हती, नुसती फाइल कॉपी करायची. २००९च्या आयफोन थ्रीजीएसमध्ये व्हिडिओ काढायची आणि तिथेच कापायची सोय आली, पुढच्या वर्षी आयमूव्हीच फोनवर आलं. कॅमेरा, टेप, वायर, कॉम्प्युटर ही चार टप्प्यांची वाट एका खिशात मिटली.

मग एकेक दार लागत गेलं. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७मध्ये मूव्ही मेकर काढून घेतला. २०२५मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमध्ये फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. ज्या कंपनीने ही वायर जन्माला घातली, तिच्या नव्या मशीनला ती आता ओळखूही येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयाने २०१५मध्येच इशारा दिला होता की २०२५पर्यंत ज्या चुंबकीय टेप डिजिटल होणार नाहीत, त्यांतल्या बहुतेक कायमच्या जातील. पुढे युनेस्कोच्या एका कार्यक्रमानेही अशीच हाक दिली. टेप विटते हे एक कारण. दुसरं, अधिक मोठं: ती चालवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसं संपत आहेत.

म्हणून इतिहासाच्या लेखात चार व्यवहाराच्या गोष्टी.

माळ्यावरची कॅसेट आधी नुसती बघा. 'मिनी डीव्ही' असं छापलं असेल तर माहिती डिजिटल आहे आणि ती जशीच्या तशी निघू शकते. ज्या कॅमेऱ्यावर काढली तोच मिळाला तर उत्तम, विशेषतः तासाचे दीड तास करणाऱ्या 'एलपी' मोडवर काढली असेल तर. कॅसेटच्या कडेची छोटी खिट्टी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली, आणि आपल्या पावसाळ्यात ती दिसतेच, तर यंत्रात घालू नका. बुरशी यंत्रात जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

जोडताना कॅमेऱ्यावरचं 'डीव्ही' किंवा 'आय-लिंक' लिहिलेलं बारीक चार पिनांचं पोर्ट वापरा. शेजारी यूएसबी दिसली तरी बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत ती फोटोंसाठी किंवा हलक्या चित्रासाठीच असते. फायरवायर कार्ड असलेला जुना डेस्कटॉप कुणाकडे धूळ खात असेल तर तोच तुमचा मित्र. विंडोजवर 'विनडीव्ही', लिनक्सवर 'डीव्हीग्रॅब' हे छोटे, फुकट प्रोग्राम हे काम अजून चोख करतात. कॅसेट हाय-एट असेल तर सोनीचे अनेक डिजिटल-एट कॅमेरे ती वाचतात आणि त्याच वायरीतून बाहेर देतात. १३ जीबीची आता धास्ती नाही. तुमच्या फोनमध्येही एवढी जागा सापडेल. मिळालेली मूळ फाइल दाबू नका, तशीच दोन ठिकाणी ठेवा. फॉरवर्ड करायला वेगळी लहान प्रत काढा.

हे सगळं जमलं तरी वेळ वाचणार नाही. एका तासाच्या टेपला आजही एक तासच लागतो. तो तास एकट्याने घालवू नका. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला शेजारी बसवा आणि फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा. पंगतीत मागे उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, बाळाला खांद्यावर घेतलेला तो मिशीवाला कुणाचा कोण, हे टेपवर लिहिलेलं नाही. तारीख आहे, वेळ आहे, सेकंद आहेत. नावं फक्त त्यांना माहीत आहेत.